लॉन कापल्यावर दरवेळी रेघा आणि डाग राहतात? मशीन खोलण्याआधी चालण्याची दिशा बदला

लॉन कापल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तिरपं असताना, एकदा चारही बाजूंनी चालत बघा. दुपारी ऊन डोक्यावर आलं की निम्म्या खुणा दिसेनाशा होतात. खालीलपैकी काय काय दिसतं ते लिहून ठेवा:

- दोन फेऱ्यांच्या मधे न कापलेल्या गवताची बारीक, सरळ रेघ.
- चाकांच्या जागी दोन समांतर चाकोऱ्या, दरवेळी तिथेच. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात तिथलं गवत आधी पिवळं पडतं.
- काल कापलेलं गवत आज पुन्हा उंच दिसतंय, सगळं एकाच बाजूला झुकलेलं.
- उंचवट्यांवर आणि वळायच्या जागी खरवडल्यासारखे तपकिरी डाग.
- प्रत्येक पट्ट्याची एक कड उंच, एक कड खाली, म्हणजे पायरी पडल्यासारखं.
- चालण्याच्या दिशेला आडव्या, पत्र्यासारख्या लाटा.
- एक-दोन दिवसांनी सगळ्या लॉनवर पांढुरकी किंवा तपकिरी झाक.
- दोन-तीन दिवसांत मधेमधे काही पाती बोटभर वर.

पुणे परिसरातल्या सोसायट्या, बंगले आणि मुळशीकडची फार्महाउसं यांची हिरवळ सांभाळणं हे माझं काम. ही तक्रार घेऊन फोन येतो तेव्हा समोरच्याने बहुतेक वेळा नवीन मशीन बघायला सुरुवात केलेली असते. प्रत्यक्ष जागेवर गेलं की दिसतं ते असं: माळी दर आठवड्याला त्याच कोपऱ्यातून सुरू करतो, त्याच दिशेने जातो, तिथेच वळतो. मशीनला बोल लावण्याआधी हे तपासायला एक रुपयाही लागत नाही, म्हणून पुढचा क्रम तसाच ठेवला आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुढच्या दोन कापण्या तरी वाट बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

आधी हे गवतच आहे ना?

मधेमधे वर आलेलं एक पातं बुडापासून उपटा. दांडा तिकोनी, चकचकीत असेल आणि जमिनीखाली काळपट गाठ लागली तर तो लव्हाळा. तो दूर्वेपेक्षा कितीतरी वेगाने वाढतो, त्यामुळे सोमवारी सपाट कापलेलं लॉन गुरुवारी खडबडीत दिसतं. इथे मशीनचा दोष नाही आणि दिशेचाही नाही. गाठीसकट काढणं हाच उपाय, आणि तो पाऊस पडून माती मऊ झाल्यावरच जमतो.

तपकिरी डाग असेल तर तिथलं गवत मुठीत धरून हलकेच ओढा. सुटी चटई उचलावी तसं ते हातात आलं तर मुळं खाल्ली गेली आहेत. खाली पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली हुमणी सापडेल. तसं असेल तर कापण्याच्या पद्धतीवर वेळ घालवू नका, आधी किडीचा बंदोबस्त करा.

दिशा

सगळ्यात जास्त दुरुस्त्या इथेच संपतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गवतावरून मशीन गेलं की पाती पुढच्या बाजूला वाकतात. दरवेळी त्याच दिशेने गेलात तर ती कायमची तशीच निजायला शिकतात. मग ब्लेड त्यांच्या अंगावरून सरकून जातं, कापत नाही. दुसऱ्या दिवशी दव सुकलं की तीच पाती उठून उभी राहतात आणि आपल्याला वाटतं की धार गेली. दूर्वा, म्हणजे नर्सरीत सिलेक्शन नंबर वन किंवा साधी हरियाळी म्हणून मिळणारं गवत, धावे, म्हणजे जमिनीसरपट पसरणाऱ्या फांद्या, सोडतं. हे धावेसुद्धा एकाच दिशेने लांबत जातात, त्यामुळे दोष वाढतच जातो.

दुसरं, चाकं. मशीनचं वजन आणि ढकलणाऱ्याचे पाय दर आठवड्याला त्याच रेषेत पडले की माती तिथेच दबते. दबलेल्या मातीत पाणी आणि हवा कमी जाते, मुळं उथळ राहतात, आणि एप्रिलमध्ये सगळ्यात आधी तीच रेषा जळते. रील मशीनने (ज्यात आडव्या दंडगोलावरची पाती खालच्या पट्टीवर कात्रीसारखी गवत कापतात) भरभर कापलेल्या लॉनवर आडव्या लाटा येतात त्याचंही हेच कारण: मशीन प्रत्येक वेळी त्याच जागी उसळतं, आणि प्रत्येक कापणीत लाट थोडी खोल होते.

उपाय साधा आहे. दोन कापण्या लागोपाठ एकाच रेषेत करू नका. पण इथे लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि दरवेळी तिरकं कापायला लागतात. त्याचा हिशेब बघा.

समजा लॉन २० मीटर लांब, १० मीटर रुंद. मशीनची कापणी ४५ सेंटिमीटर, त्यातले ५ सेंटिमीटर आधीच्या पट्ट्यावर चढवले तर एका फेरीत ४० सेंटिमीटर नवीन गवत कापलं जातं. लांबीच्या दिशेने गेलात तर २५ फेऱ्या आणि २४ वळणं. रुंदीच्या दिशेने ५० फेऱ्या आणि ४९ वळणं. चालणं दोन्हीकडे सारखंच, साधारण ५०० मीटर. पण वळणं दुप्पट. कडेशी बरोबर ४५ अंशांत तिरकं गेलात तर सुमारे ५३ फेऱ्या होतात, त्यातल्या कोपऱ्यांकडच्या कितीतरी तर हातभर लांबीच्या. वेळ जातो तो वळण्यात, आणि गवत खरवडलं जातं तेही वळतानाच.

म्हणून मी माळ्यांना असं सांगतो: दोन कापण्या लांबीने, पण दुसऱ्या वेळी समोरच्या टोकाकडून सुरू करायचं आणि अर्धा पट्टा सरकून चालायचं. म्हणजे दिशा तीच दिसली तरी गवत उलटं वाकतं आणि चाक नव्या जागी पडतं. तिसरी कापणी रुंदीने. तिरकं अधूनमधून, पाहुणे यायचे असतील तेव्हा, दिसतं छान. विसरायला होत असेल तर पंपाच्या खोलीच्या दारावर खडूने बाण काढून ठेवा. ही सवय लावल्यावर झुकलेलं गवत दोन-तीन कापण्यांत सरळ होतं. चाकोऱ्या भरायला मात्र अख्खा पावसाळा जातो.

गोल-गोल, बाहेरून आत येत कापायची पद्धत आपल्याकडे फार चालते. त्यात उलटं फिरावं लागत नाही हे खरं. पण प्रत्येक फेरीत चार काटकोन येतात, ते कर्णावर एकापाठोपाठ एक पडतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत लॉनवर मोठी फुली उमटते. वेडावाकडा आकार किंवा मधे कारंजं असेल तिथेच ही पद्धत वापरा, आणि एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून फिरा.

वळण्याची जागा

सरळ फेऱ्या सुरू करण्याआधी चारी कडांनी दोन पट्टे कापून घ्या. झाडांच्या आळ्यांभोवती आणि दिव्याच्या खांबांभोवतीही एकेक. ही तुमची वळायची जागा. मशीन इथे पूर्ण आलं की हँडल दाबून पुढची चाकं उचला आणि मग फिरवा. चाकं जमिनीवर ठेवून जागच्या जागी पिळवटलं तर गवत मुळासकट निघतं. कडेला दिसणारे अर्धगोल डाग त्याचेच असतात. कडेचे पट्टेही दरवेळी त्याच बाजूने फिरू नका.

वायरवालं इलेक्ट्रिक मशीन असेल तर आणखी एक गोष्ट. प्लगच्या जवळच्या कडेपासून सुरुवात करा आणि लांब लांब जा, म्हणजे वायर कायम कापून झालेल्या भागावर पडेल. अशा लॉनवर दिशा पूर्ण मोकळेपणाने बदलता येत नाही. जमलं तर दोन बाजूंना प्लग घ्या. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, हवाच. तो नसेल तर लॉन वाढलं तरी चालेल, आधी तो बसवून घ्या.

उतारावर ढकलायचं मशीन आडवं चालवा, वर-खाली नाही. पाय घसरला तर मशीन अंगावर येतं किंवा पाय त्याखाली जातो. बसून चालवायच्या मशीनचं उलट असतं, ते उतारावर सरळ वर-खाली चालवतात, कारण आडवं गेलं तर उलटण्याची भीती. आणि माळीदादांना चपलांवर मशीन चालवू देऊ नका. बंद बूट घेऊन द्या, त्यात काटकसर नको.

रेघ राहते: पट्ट्यावर पट्टा

मशीनच्या डेकची, म्हणजे ब्लेडवरच्या झाकणाची, रुंदी आणि खऱ्या कापणीची रुंदी एक नसते. ब्लेड डेकच्या आत फिरतं, कडेचे काही सेंटिमीटर कापलेच जात नाहीत. म्हणून चाक आधीच्या चाकोरीच्या कडेला नव्हे, तर तिच्या किंचित आत ठेवा. ५ ते ८ सेंटिमीटर पट्टा चढला पाहिजे. पहिली फेरी सरळ असेल तर पुढच्या सगळ्या सरळ येतात, त्यामुळे ती दोरी लावून मारा आणि चालताना चाकाकडे न बघता समोरच्या कुंपणावरच्या एका खुणेकडे बघा. एवढ्यानेही रेघ राहिली, आणि ती दरवेळी पट्ट्याच्या त्याच बाजूला असेल, तर पुढे ब्लेडच्या भागाकडे जा.

ब्रश कटरने लॉन कापणाऱ्यांना मात्र रेघांऐवजी लाटा मिळतात, कारण हात झुलतो तसं डोकं कडेला वर उचललं जातं. ब्रश कटर कडांसाठी आणि दगडांभोवती ठेवा. दुसरा इलाज नसेल तर उजवीकडून डावीकडे अर्धगोल, डोकं जमिनीला समांतर, आणि पाऊल अर्धंच पुढे.

उंची आणि ओल

दूर्वेचा हिरवेपणा वरवर असतो, खाली तपकिरी काड्या. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापलं की त्या काड्या उघड्या पडतात आणि लॉन भाजल्यासारखं दिसतं. घरगुती फिरत्या ब्लेडच्या मशीनने दूर्वा २५ ते ४० मिलिमीटर ठेवा, रुंद पात्याचं बफेलो ५० ते ७५. तीस मिलिमीटरचं लॉन हवं असेल तर ते ४५ व्हायच्या आत कापलं पाहिजे.

जुलै-ऑगस्टमध्ये हे पाळणं अवघड जातं, कबूल. आठ दिवस झड लागली की गवत ७५ मिलिमीटरवर जातं. मग एकदम खाली येऊ नका. आधी ५० वर कापा, तीन-चार दिवसांनी ३५ वर, आणि ही दुसरी कापणी पहिलीला आडवी. पहिल्या कापणीत दबून राहिलेलं गवत दुसरीत हमखास सापडतं.

ओल्या लॉनवर कापू नका. ओलं गवत डेकखाली गोळा होतं, हवा खेळत नाही, पाती उभी राहत नाहीत आणि ढेकळं टाकत मशीन पुढे जातं. ओल्या मातीत एका फेरीत जेवढी चाकोरी पडते तेवढी कोरड्यात महिनाभरात पडत नाही. बूट दाबून बघा, पाणी वर आलं तर आज सुट्टी. इलेक्ट्रिक मशीनवाल्यांनी तर ओल्यात हातच लावू नये.

पट्टे हवेत, पण उमटत नाहीत

काहींची तक्रार उलटी असते. क्रिकेटच्या मैदानावर दिसतात तसे गडद-फिके पट्टे त्यांना अंगणात हवे असतात. ते पट्टे कापण्याचे नसतात, वाकवण्याचे असतात. तुमच्यापासून लांब वाकलेलं गवत पात्याची रुंद बाजू दाखवतं, तिच्यावरून उजेड परततो, म्हणून ते फिकं दिसतं. तुमच्याकडे वाकलेल्याची टोकं आणि सावली दिसते, म्हणून ते गडद. मखमलीवर हात उलट-सुलट फिरवल्यासारखंच. लॉन मूव्हरचा जन्मही कापडाच्या गिरणीतलाच आहे: कापडावरची लव सारखी कापणाऱ्या यंत्रावरून इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने १८३० साली पहिलं रील मशीन बनवलं.

वाकवायला मागे रोलर लागतो, आणि वाकायला गवत थोडं लांब आणि मऊ लागतं. विम्बल्डनला २००१ पासून पूर्ण राय गवत आहे, ते ८ मिलिमीटरवर कापूनही पट्टा देतं. आपली दूर्वा बारीक, ताठ; फिरत्या ब्लेडने २५ मिलिमीटरवर कापली तर पट्टा जवळजवळ दिसतच नाही. मशीनच्या उंचीचा खटका एक घर वर ठेवा, हलका रोलर मागे ओढा, शेजारच्या फेऱ्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने मारा आणि पट्टे जिथून बघायचे त्या व्हरांड्याच्या सरळ रेषेत ठेवा. आडव्या रेषेतले पट्टे तिथून फिकेच दिसतात. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींकडे राय, फेस्क्यू किंवा ब्लूग्रास असतं; त्यांना हेच कमी कष्टात जमेल. ओल्या मातीवर जड रोलर मात्र कुणीच फिरवू नये, पट्टा दोन दिवस राहतो आणि दबलेली माती वर्षभर.

पायरी पडते: चाकं आणि डेक

मशीन फरशीवर ठेवा. इलेक्ट्रिक असेल तर प्लग काढून, पेट्रोलचं असेल तर स्पार्क प्लगची टोपी काढून. चारही चाकांचे उंचीचे खटके एकाच घरात आहेत का बघा. ही चूक इतक्या वेळा सापडते की मी दारात शिरल्या शिरल्या आधी तेच बघतो. बसून चालवायच्या मशीनमध्ये चारही टायरांची हवा मोजा, एक टायर बसला तरी डेक कलतो. मग फरशीपासून डेकच्या डाव्या-उजव्या कडेची उंची मोजा, ती सारखी हवी. बसायच्या मशीनमध्ये पुढची कड मागच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर खाली चालते, उलट नाही.

झाक येते: ब्लेड

पांढुरकी टोकं भिंगातून बघा. चिंध्यांसारखी फाटलेली दिसली तर ब्लेड कापत नाही, ओरबाडतंय. वीस-पंचवीस तास चाललं की धार लावायला हवी, आपल्या दगड-मुरमाच्या जमिनीवर त्याआधीच. पेट्रोलचं मशीन उलटवताना एअर फिल्टर वरच्या बाजूला राहील असं कलंडा, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं. जाड हातमोजे घाला. मूळ कोन सुमारे ३० अंशांचा असतो, तोच राखून कानशीने एकाच दिशेने घासा. मग मधल्या भोकातून ब्लेड खिळ्यावर अडकवा. एक बाजू खाली गेली तर त्या बाजूचं थोडं लोखंड कमी करा. असमतोल ब्लेड मशीन थरथरवतं आणि बेअरिंग खातं.

ब्लेड परत बसवलं की हाताने फिरवून दोन्ही टोकांची फरशीपासून उंची मोजा. ३ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर ब्लेड वाकलंय. ते ठोकून सरळ करू नका, बदला. वाकवलेलं पोलाद पुन्हा वाकवलं की त्यात तडा जातो आणि चालताना तुकडा उडू शकतो.

रील मशीनमध्ये वर्तमानपत्राची पट्टी रील आणि खालच्या पट्टीत धरून रील लाकडी काठीने हळू फिरवा, बोटं लांब. डावीकडून उजवीकडे सगळीकडे कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. एका टोकाला कापत नसेल तर त्या बाजूचा स्क्रू अगदी थोडा आवळा. मधेच कापत नसेल तर झीज झाली आहे, घरी होणार नाही.

जमीनच उंचसखल

हे शेवटी, कारण यात मेहनत जास्त आणि घाई चालत नाही. दोन खुंट्यांना दोरी ताणून खड्डे-उंचवटे शोधा. उथळ खड्ड्यात चाळलेली लाल माती, वाळू आणि नीट कुजलेलं शेणखत यांचं मिश्रण एका वेळी १ सेंटिमीटरपर्यंतच पसरा. गवताची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत. पावसाच्या सुरुवातीला किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये, गवत जोमात असताना. बोटभराहून खोल खड्डा असेल तर वरची हिरवळ कापून उचला, खाली माती भरा, पुन्हा बसवा. जुन्या चाकोऱ्यांत बागकामाचा काटा ८ ते १० सेंटिमीटर खुपसून भोकं पाडा आणि त्यात वाळू झाडा.

इथे थांबा, माणूस बोलवा

मशीन हातात घेतल्यावर किंचितही झिणझिणी जाणवली तर मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वायरलाही हात लावू नका.

नवीन ब्लेड लावूनही टोकांच्या उंचीत फरक राहिला किंवा थरथर तशीच राहिली तर शाफ्ट वाकला आहे. स्प्रिंकलरच्या लोखंडी पाइपवर किंवा दगडावर आपटल्यानंतर हे हमखास होतं. तसं मशीन एक फेरीही चालवू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. रीलची ग्राइंडिंगही तिथेच.

काळ्या मातीवर थेट हिरवळ लावली असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरून कितीही माती घाला, पुढच्या वर्षी तेच. पाऊस थांबून दिवस उलटला तरी पाणी उभं राहत असेल, तर निचऱ्याचं काम जाणणारा लँडस्केपवाला बोलवा; चर आणि उतार ठरवणं हे माळ्याच्या अंगावर टाकायचं काम नाही. आणि डाग गोल गोल पसरत चालले असतील, तर डागाच्या कडेचा, अर्धा हिरवा अर्धा मेलेला असा तुकडा मातीसकट काढून कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. मधला पूर्ण मेलेला तुकडा नेऊ नका, त्यावरून रोग ओळखता येत नाही. तोपर्यंत तो भाग सगळ्यात शेवटी कापा आणि नंतर डेक धुवा, म्हणजे रोग ब्लेडबरोबर बाकीच्या लॉनवर जाणार नाही.